‘सात सेटिंग्ज’, जुना संगणक आणि अडकणारा गेम : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

माझी धाकटी बहीण सांगलीला असते. गेल्या महिन्यात तिच्या मुलाचा फोन आला आणि त्याचे पहिलेच वाक्य होते, “मामा, आधी फक्त गेम अडकत होता, आता ब्राउझरसुद्धा उघडत नाही.” काय केलेस असे विचारल्यावर त्याने एक फॉरवर्ड मला पाठवून दिला. तो त्याला वडिलांकडून मिळाला होता आणि वडिलांना त्यांच्या कचेरीतल्या गटातून. पुढच्या आठवडाभरात तोच मजकूर मला आणखी तीन ठिकाणांहून आला, त्यांतला एक आमच्याच सोसायटीच्या गटातून. एका मुलाचा चालता संगणक त्याने निम्मा केला आहे आणि आणखी किती घरांत तो पोहोचला आहे याचा अंदाज येत नाही, म्हणून त्याला कलमवार उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मजकूर थोडक्यात असा. ‘जुन्या कॉम्प्युटरवर गेम लॅग मारतोय? एक रुपया खर्च न करता फक्त सात सेटिंग्ज करा, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत.’ मग सात कलमे येतात : टेम्प आणि प्रीफेच हे फोल्डर रिकामे करा, रजिस्ट्री क्लीनर चालवा, एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या आणि मेमरी वाढवा, पेन ड्राइव्ह लावून त्याची रॅम करा, विंडोजने दाबून ठेवलेले २० टक्के इंटरनेट मोकळे करा, अँटिव्हायरस आणि अपडेट बंद करून खालच्या लिंकवरचा बूस्टर टाका, कॅबिनेट साफ करून पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’ करा. शेवटी निकाल दिलेला आहे : एवढे करूनही गेम अडकला तर मशीन संपले असे समजा, त्यात पैसे घालू नका, भंगारात द्या आणि नवे घ्या.

कलमांकडे वळण्यापूर्वी या साऱ्या मजकुराच्या बुडाशी असलेली चूक सांगतो. ‘लॅग’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन निरनिराळी दुखणी सांगत असतो. पहिल्यात गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथच चालतो, कारण ग्राफिक्स किंवा प्रोसेसर यांपैकी एकाची ताकद कमी पडते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. ज्याला ते ४० मिलिसेकंदांत जमते तो २५ चित्रांवरच राहणार. दुसऱ्या प्रकारात गेम एरवी बरा चालतो, पण मध्येच धक्का बसून थांबतो. तेथे रॅम अपुरी असते, हार्ड डिस्क संथ असते किंवा प्रोसेसर तापलेला असतो. तिसऱ्यात चित्र सुरळीत असते, पण आपण गोळी झाडतो आणि ती उशिरा लागते. हे दुखणे नेटवर्कचे आहे, आणि त्यात संगणकाचे वय बहुतेक वेळा निर्दोष असते. तिन्हींची कारणे वेगळी आणि खर्चही वेगळा. कोणते दुखणे आहे हे विचारल्याशिवाय सर्वांना एकच सात कलमांचा काढा पाजणारा मजकूर पहिल्या ओळीलाच चुकलेला आहे.

आता तिसरे कलम, कारण भाच्याचे नुकसान त्यानेच केले.

एमएसकॉन्फिग हे विंडोज कसे सुरू व्हावे ते ठरवणारे साधन. त्याच्या ‘बूट’ विभागात ‘ऍडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडल्यावर दोन चौकटी दिसतात, एक प्रोसेसरच्या संख्येची आणि दुसरी कमाल मेमरीची. दोन्हींवर मुळात खूण नसते. खूण नसताना प्रोसेसरच्या चौकटीत फिकट रंगात १ आणि मेमरीच्या चौकटीत ० दिसतो. या गैरसमजाचा जन्म तेथेच झाला असावा, कारण तो १ पाहून कोणालाही वाटेल की विंडोज प्रोसेसरच्या चारांपैकी एकच कोअर (काम करणारा गाभा) वापरत आहे आणि उरलेले तीन आपण जागे करायचे आहेत. प्रत्यक्षात खूण नसणे याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा आहे, म्हणजे जेवढे कोअर आणि जेवढी रॅम आहे तेवढी सगळी विंडोज आधीपासूनच वापरत असते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजात बूटच्या या पर्यायांचे वर्णन स्पष्ट आहे : सांगितलेल्या संख्येइतकेच प्रोसेसर वापरणे आणि उपलब्ध मेमरी सांगितलेल्या आकड्यापर्यंत मर्यादित करणे. कमी रॅमच्या यंत्रावर आपला प्रोग्राम कसा चालेल याची चाचणी घेणाऱ्यांसाठी आणि बिघाड शोधणाऱ्यांसाठी ही सोय आहे. तेथे कोणताही आकडा भरला तरी तो छप्पर ठरतो. खूण करून यंत्राचा वेग वाढला असे होऊच शकत नाही. फार तर काही बदलणार नाही, आणि आकडा कमी पडला तर यंत्र त्या प्रमाणात लुळे होईल.

भाच्याचा संगणक एका कचेरीतून निघालेला, २०१४ सालच्या पिढीतला आय५-४५९० प्रोसेसरचा आहे. चार कोअर, ८ जीबी डीडीआर३ (जुन्या पिढीच्या) रॅमची एकच कांडी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच्या चौकटीत त्याला ४ च्या वरचा आकडा मिळालाच नाही, कारण नसलेले कोअर तेथे दिसत नाहीत. त्याने ४ निवडले आणि काहीच बदलले नाही. मेमरीच्या चौकटीत मात्र फॉरवर्डने ‘४०९६ लिहा’ (एमबीत, म्हणजे ४ जीबी) असे सांगितले होते आणि त्याने ते लिहिले. येथे आणखी एक गोष्ट घडते, जी मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही. ही मर्यादा मेमरीच्या पत्त्यांवर लागते, आणि पहिल्या ४ जीबी पत्त्यांतला एक भाग ग्राफिक्स, नेटवर्क अशा उपकरणांसाठी राखलेला असतो. त्या राखीव पत्त्यांमागची रॅम ४ जीबीच्या पलीकडच्या पत्त्यांवर हलवलेली असते आणि मर्यादा घातल्यावर तीही हातची जाते. त्यामुळे ४०९६ लिहिणाऱ्याला पूर्ण ४ जीबीही मिळत नाहीत. भाच्याच्या टास्क मॅनेजरमध्ये वापरण्याजोगी रॅम जेमतेम ३ जीबीच्या आसपास उरली होती आणि ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ या नावाखाली जवळजवळ ५ जीबी अडकलेली दिसत होती. विंडोज १० आणि एक ब्राउझर एवढ्यानेच ती ३ जीबी भरते. पुढचा सगळा भार हार्ड डिस्कवर पडतो.

मला राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. रॅम निम्म्याहून कमी दिसते आहे हे पाहून भावोजींनी जवळच्या एका दुकानात विचारले, तेव्हा रॅमचा स्लॉट गेला असेल, मदरबोर्ड बदलावा लागेल आणि इतक्या जुन्या बोर्डापेक्षा नवे मशीनच घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला. एका चौकटीतली एक खूण काढून टाकण्याच्या कामासाठी एक कुटुंब नवा संगणक घ्यायला निघाले होते. पैसे वाचवण्याचे आश्वासन देणारा मजकूर माणसाला नेमका कुठे नेऊन सोडतो, ते यावरून दिसावे.

चौथे कलम पेन ड्राइव्हची रॅम करण्याचे. यात अर्धे सत्य आहे, ते मी मान्य करतो. रेडीबूस्ट नावाची सोय विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ साली आली आणि ज्या काळात घरच्या संगणकात ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅम असे त्या काळात तिचा थोडा उपयोगही होता. पण ती पेन ड्राइव्हची रॅम करत नाही. हार्ड डिस्कवरच्या काही माहितीची प्रत ती पेन ड्राइव्हवर ठेवते, जेणेकरून लहानसहान तुकडे डिस्कपेक्षा लवकर वाचता यावेत. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल गती सेकंदाला ६० एमबी आहे, तर डीडीआर३-१६०० रॅमची एकच कांडी सेकंदाला १२.८ जीबी देऊ शकते, म्हणजे दोनशे पटींहून अधिक. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तो एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असेल तर ही सोय विंडोज स्वतःच बंद ठेवते.

याच कलमात ‘व्हर्च्युअल मेमरी ३२ जीबी करा म्हणजे फुकट ३२ जीबी रॅम’ असेही म्हटले आहे. व्हर्च्युअल मेमरीची फाइल लागते, ती काढून टाकली तर मोठे गेम मध्येच बंद पडतात. परंतु ती डिस्कवरची जागा आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी आणि त्याआधी टोक योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ धरला, तर एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद सहज जातात. रॅमला त्याच कामाला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे लाखभर पटींचा फरक. एक चित्र तयार करायला आपल्याजवळ १६.७ मिलिसेकंद असताना गेमला डिस्ककडे एकदा जरी धाव घ्यावी लागली तरी ते चित्र हुकते, आणि आपल्याला जाणवणारा धक्का तो हाच.

पहिल्या दोन कलमांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. टेम्प फोल्डर रिकामे करून डिस्कवर जागा मिळते, गेमची गती वाढत नाही. प्रीफेच फोल्डरात कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात याची विंडोजने ठेवलेली नोंद असते. ती पुसली की पुढच्या वेळी तोच प्रोग्राम उघडायला उलट जास्त वेळ लागतो आणि विंडोज ती नोंद नव्याने तयार करते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, ‘साफ’ करणाऱ्या क्लीनरबाबत मायक्रोसॉफ्टचे जाहीर धोरण आहे की अशा साधनांच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही, त्यांच्यामुळे गंभीर बिघाड होऊ शकतात आणि प्रसंगी विंडोज पुन्हा टाकावे लागते. ज्यांनी विंडोज लिहिले त्यांचे हे म्हणणे मला पुरेसे आहे.

पाचवे कलम, ‘विंडोज २० टक्के इंटरनेट स्वतःसाठी दाबून ठेवते’, हे वीस वर्षांहून जुने आहे. विंडोज एक्सपीच्या काळातच ही वावडी इतकी पसरली होती की मायक्रोसॉफ्टला ३१६६६६ क्रमांकाच्या आपल्या मदत-लेखात ती चुकीची असल्याचे लिहावे लागले. एखाद्या प्रोग्रामने प्राधान्य मागितले नाही तोवर सगळीच्या सगळी बँडविड्थ सर्वांना खुली असते, आणि प्राधान्य मागणाऱ्याने ती वापरली नाही तर तीही इतरांना मिळते, असे तेथे म्हटले आहे. ज्या ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये जाऊन हा बदल करायला सांगितले आहे तो विंडोजच्या होम आवृत्तीत नसतोच, आणि घरोघरी बहुधा होम आवृत्तीच असते.

पिंगचे, म्हणजे संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याच्या वेळेचे, गणित वेगळे आहे आणि ते कोणत्याही सेटिंगला जुमानत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. जाऊन येण्याचे ७,८०० किलोमीटर धरले तर तार अगदी सरळ टाकलेली असली तरी ३९ मिलिसेकंद लागणारच. म्हणून गेममधला सर्व्हर सिंगापूरवरून मुंबईवर आणणे, वायफायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल टाकणे आणि घरात कोणी मोठी फाइल उतरवत नाही ना हे पाहणे, एवढेच उपाय आपल्या हातात आहेत. पिंग वाईट आहे म्हणून ग्राफिक्स कार्ड आणणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्या गोळ्या आजही उशिराच लागतात.

सहाव्या कलमाबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. अँटिव्हायरस बंद करा, अपडेट बंद करा आणि खालच्या लिंकवरचा बूस्टर चालवा, या तीन सूचना याच क्रमाने का दिल्या असतील याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्या एकाही मोठ्या माणसाने केला नाही. आधी पहारेकऱ्याला घालवायचे आणि मग अनोळखी माणसाला घरात घ्यायचे, असा हा क्रम आहे. भाच्याने तिन्ही सूचना पाळल्या. मी पाहिले तेव्हा ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन आपोआप आलेले होते आणि संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रामांत दोन अशी नावे होती, जी कोणीच टाकलेली नव्हती. त्याच संगणकावर माझी बहीण दुकानाचा हिशेब ठेवते आणि नेट बँकिंग करते. त्या रात्री आम्ही संगणक बंद करून तिचे सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले, आणि नंतर डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकले. पैसे गेले नाहीत, हे आमचे नशीब. ज्यांचे गेले असतील त्यांनी वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

अँटिव्हायरसमुळे हार्ड डिस्कच्या जुन्या संगणकावर ओझे पडते, ही तक्रार खोटी नाही. पूर्ण स्कॅन चालू असताना गेम खेळला तर तो अडकेल. पण त्यासाठी स्कॅनची वेळ दुपारची ठेवता येते आणि अपडेटनंतरच्या रीस्टार्टसाठी आपल्या कामाचे तास विंडोजला सांगून ठेवता येतात.

सातव्या कलमात मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. सांगलीला जाऊन कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पट्ट्यांत धुळीचा नमदा बसलेला होता. गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत प्रोसेसरचे तापमान ९७-९८ अंशांवर जात होते. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिच्या जवळ पोहोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ‘पहिली वीस मिनिटे चांगला चालतो, मग लॅग मारतो’ अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी इतर काहीही करण्याआधी हेच पाहावे. ब्लोअरने धूळ काढली (पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर हवेच्या झोताने तो भरमसाट फिरून खराब होतो), वाळून पापडी झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडे नेणारा लेप) पुसून नवी लावली आणि तापमान सत्तरीत आले. पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’ केल्याने लॅपटॉपवर कधीकधी फरक पडतो, डेस्कटॉपवर क्वचितच. सातांतले हे एक कलम कामाचे आहे, आणि त्याच्याच आडोशाने बाकीची सहा खपतात.

राहिला शेवटचा निकाल, की इतक्यावर भागले नाही तर मशीन भंगारात द्या. हे विधान पहिल्या सहा कलमांइतकेच चुकीचे आहे, आणि माझ्या मते अधिक खर्चिक. अडकणाऱ्या संगणकात बहुधा एकच भाग सर्वांना अडवून धरत असतो आणि तो कोणता हे घरी बसून कळते. गेमचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणा. चित्रबिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे ग्राफिक्सचे काम निम्म्याहून कमी होते. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) लगेच वाढला तर ग्राफिक्स कमी पडत आहे. जिथल्या तिथे राहिला तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये गेम चालू असताना डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरी ९० च्या वर दिसली तर दोष तेथे आहे. या चाचणीला दहा मिनिटे लागतात आणि खरोखरच एक रुपयाही लागत नाही, पण फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही.

भाच्याच्या संगणकात रिझोल्यूशन उतरवताच एफपीएस जवळजवळ दुप्पट झाला, म्हणजे प्रोसेसरमध्ये अजून दम होता. प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमचीच वाट वापरते. एका कांडीवर ती वाट सेकंदाला १२.८ जीबीची असते, तशीच दुसरी कांडी योग्य स्लॉटमध्ये बसवली की २५.६ जीबीची होते. म्हणून आधी ८ जीबीची दुसरी कांडी घातली. भाचा खेळतो त्या काउंटर-स्ट्राइक २ या गेमची किमान अटच ८ जीबी रॅम आणि प्रोसेसरच्या चार थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) आहे, त्यामुळे ती तशीही लागणारच होती. मग हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवला. एसएसडीने एफपीएस वाढतो असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. गेम उघडण्याचा वेळ आणि मध्येच बसणारे धक्के कमी होतात, आणि जुन्या संगणकावर रोजच्या कामात सर्वांत मोठा फरक याच एका वस्तूने पडतो.

शेवटी ग्राफिक्स कार्ड. दुकानात ‘४ जीबीचे कार्ड’ एवढेच सांगितले जाते, जणू जीबी हेच कार्डाचे बळ आहे. जीटी ७३० हे कार्डसुद्धा ४ जीबीत मिळते आणि जीटीएक्स १०५० टीआयसुद्धा ४ जीबीत मिळते. पहिल्यात ३८४ कोअर, दुसऱ्यात ७६८, आणि डीडीआर३ मेमरीच्या ६४ बिटी जीटी ७३० मध्ये मेमरीची गती सेकंदाला १४.४ जीबी, तर १०५० टीआयमध्ये ११२ जीबी. नावातल्या जीबीवर गेलेला माणूस येथे फसतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर दुसऱ्याच जुन्या कार्डाचे बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड या मोफत साधनात २०१८ पासून अशी बनावट कार्डे ओळखण्याची सोय आहे, आणि १०५० टीआयवर जुन्या मॉनिटरसाठीचा निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय घ्यावा, कारण त्या पिढीच्या चिपमधून तसा संकेत निघतच नाही.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले जीटीएक्स १६५० आणले आणि दुकानातच अर्धा तास चालवून पाहिले. १०५० टीआय स्वस्त होते, पण त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहे. १६५० चे साधे रूप ७५ वॅटचे आहे आणि मदरबोर्डाचा स्लॉट तेवढी वीज देतो, त्यामुळे एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) वेगळी वायर लागत नाही. प्रोसेसरचे ८४ वॅट, कार्डाचे ७५ आणि बाकी भाग धरूनही बेरीज अडीचशेच्या आत राहते. चांगल्या प्रतीचा ३०० वॅटचा एसएमपीएस पुरतो, पण लेबलवर ४५० लिहिलेला हलका एसएमपीएस पुरेलच असे नाही. ज्यांचे कॅबिनेट कचेरीतले बारीक, आडवे असते त्यांनी कमी उंचीचे कार्ड मागावे. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावावी, मदरबोर्डाला नाही. हा साधा मुद्दा विसरून ‘कार्ड घालूनही फरक नाही’ म्हणणारे कमी नाहीत.

आता त्याचा दुसरा गेम, व्हॅलोरंट, शंभर एफपीएसच्या वर चालतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि गर्दी झाली की घसरण होते, कारण तेथे चार कोअरचा प्रोसेसरच कमी पडतो, आणि त्यावर या मदरबोर्डात उपाय नाही. सर्व भागांचा खर्च त्याच आठवड्यात मागवलेल्या नव्या असेंबल्ड संगणकाच्या दरपत्रकाच्या एक चतुर्थांशाच्या आत राहिला.

बदलणे केव्हा योग्य, हेही सांगायला हवे. दोन कोअरचा प्रोसेसर असेल तर आजच्या स्पर्धात्मक गेमसाठी त्यात कार्ड घालणे व्यर्थ आहे. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडीपर्यंतच मजल जाते, आणि रॅम बोर्डावरच डकवलेली असेल तर तेवढीही नाही. दुसरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना मिळणारी सुरक्षा-अपडेटची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, भाच्याचा चौथ्या पिढीचा आय५ त्या यादीत नाही. आडमार्गाने विंडोज ११ टाकता येते, पण व्हॅलोरंटची फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त अधिकृत प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) तपासते, म्हणजे त्या मार्गाने गेम मिळण्याऐवजी जाण्याचीच शक्यता अधिक. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर अधिकृतपणे चालतो, व्हॅलोरंट चालत नाही. त्यामुळे हा संगणक आम्ही किती काळ वापरू याची मर्यादा मी भाच्याला आधीच सांगितली आहे आणि खर्चही तसाच वाटला : पुढच्या संगणकात बरोबर नेता येईल अशा कार्डावर आणि एसएसडीवर जास्त, आणि डीडीआर४ किंवा डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसणारच नाही अशा डीडीआर३ रॅमवर कमीत कमी, तीही वापरलेली.

ज्यांनी तिसरे कलम आधीच अमलात आणले आहे त्यांनी आजच पुढील गोष्ट करावी. एमएसकॉन्फिग उघडून ‘बूट’ आणि मग ‘ऍडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे जा, प्रोसेसर आणि मेमरी या दोन्ही चौकटींवरची खूण काढा, आकडा बदलत बसू नका, आणि संगणक पुन्हा सुरू करा. नंतर टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ पुढचा आकडा पाहा. तो काही शे एमबीच्या आत आला असेल तर तुमची रॅम परत आली आहे, आणि मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो बाजूला ठेवायला हरकत नाही.